विद्यापीठ ग्रंथालयासाठी एकत्रित शोध: विकत घ्यावा की बांधावा?

तळमजला

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र, आज कामासाठी धागा काढतेय. विषय रटाळ आहे, पण इथे ग्रंथालयवाले, संगणकवाले आणि पीएच.डी.त अडकलेले असे तिन्ही प्रकारचे लोक आहेत, म्हणून धाडस केलं.

मी एका राज्य विद्यापीठाच्या ग्रंथालयात सहायक ग्रंथपाल आहे. (नाव लिहीत नाही, ओळखलंत तर मनात ठेवा.) आमच्या ग्रंथालय समितीने ठराव केलाय की संकेतस्थळावर "गूगलसारखी एकच चौकट" हवी. मागणी रास्त आहे. आज मुलांना पुस्तक हवं असेल तर कोहा या ग्रंथालय-सॉफ्टवेअरचा ओपॅक (ऑनलाइन कॅटलॉग), आमच्याकडचा प्रबंध हवा असेल तर डीस्पेस हे आमचं डिजिटल भांडार, बाहेरचा हवा असेल तर शोधगंगा हे देशभरातल्या प्रबंधांचं भांडार, लेख हवा असेल तर वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्र सरकारची नियतकालिकांची योजना, आणि शिवाय आम्ही स्वतः पैसे मोजून घेतलेले दोनतीन डेटाबेस. दर ठिकाणी वेगळी चौकट आणि वेगळा लॉगिन. पहिल्या वर्षाच्या मुलाला यातलं काय उघडायचं हे सांगायलाच एक व्याख्यान लागतं, आणि त्या व्याख्यानाला कोणी येत नाही.

समोर तीन रस्ते दिसतायत. एक, कंपनीची तयार डिस्कव्हरी सेवा (सगळं एका चौकटीत शोधून देणारी) घ्यायची: एब्स्को, प्रायमो, समन वगैरे. दोन, वूफाइंड हे मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचं. तीन, काहीच घ्यायचं नाही, ओपॅक जरा नीट करायचा आणि मुलांना गूगल स्कॉलर शिकवायचं. तिसरा रस्ता समितीसमोर बोलायची माझी छाती नाही.

आमच्या संग्रहात मराठी पुस्तकं भरपूर आहेत. पैसे ३१ मार्चच्या आत खर्ची पडले पाहिजेत. ज्यांनी हे केलंय किंवा भोगलंय, त्यांनी कृपया लिहा.

अनाहूत

जागा धरून ठेवतो. "३१ मार्चच्या आत" या तीन शब्दांत सगळ्या सरकारी खरेदीचा इतिहास आला.

मिशिगनकर

मी इथे एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात सिस्टिम्स बघतो, दोन वेगवेगळ्या डिस्कव्हरी वापरून झाल्यात. थोडी पार्श्वभूमी देतो, म्हणजे कंपनीचा माणूस काय विकतोय ते कळेल.

आधी फेडरेटेड सर्च असायचा. तुम्ही शब्द टाकायचा, सॉफ्टवेअर तो एकाच वेळी दहा डेटाबेसना पाठवायचं आणि उत्तरं गोळा करून दाखवायचं. सर्वात मंद डेटाबेस जितका वेळ घेईल तितका वेळ वाचक बसून राहायचा, आणि दहा ठिकाणच्या उत्तरांना एका क्रमात लावणं कधीच नीट जमलं नाही. २००९ मध्ये समन आलं, पाठोपाठ एब्स्कोची सेवा आली, आणि पद्धत पालटली. आता कंपनी प्रकाशकांकडून नोंदी आणि शक्य तिथे पूर्ण मजकूर आधीच घेऊन एक प्रचंड इंडेक्स (शोधसूची) बनवून ठेवते. तुमचा कॅटलॉग त्यात मिसळला जातो. म्हणून उत्तर झटकन येतं.

खोच इथेच आहे. इंडेक्स ज्याचा, तोच बऱ्याचदा डेटाबेसही विकतो. एब्स्को स्वतः डेटाबेस विकते. प्रायमो आणि समन दोन्ही आज क्लॅरिव्हेटच्या घरात आहेत, २०२१ मध्ये प्रोक्वेस्ट विकत घेतल्यापासून. स्पर्धकाच्या नोंदी कोण कोणाला किती देतो यावरून या कंपन्यांची वर्षानुवर्षं कुरबुर चालली. त्यातूनच अमेरिकेतल्या नायसो या मानक संस्थेने २०१४ मध्ये ओपन डिस्कव्हरी इनिशिएटिव्ह नावाची शिफारस काढली, २०२० मध्ये ती सुधारली. कोणत्या प्रकाशकाचं काय इंडेक्समध्ये आहे ते उघड सांगा आणि दुवे देताना आपल्याच मालाला झुकतं माप देऊ नका, असा तिचा मथितार्थ. कंपनीला पहिला प्रश्न हा विचारा: या शिफारशीनुसार तुमचं निवेदन दाखवा.

दुसरा प्रश्न वन नेशन वन सबस्क्रिप्शनचा. ३० प्रकाशक आणि जवळपास १३,००० नियतकालिकं आहेत ना त्यात? ती यादी त्यांच्या नॉलेज बेसमध्ये (कोणतं नियतकालिक कुठे उघडतं याच्या कोठारात) तयार संच म्हणून आहे, की तुमच्या माणसाने एकेक नाव शोधून टिचकी मारायची? आणि कोणत्या नियतकालिकाचे कोणत्या सालापासूनचे अंक उघडतात हे त्यात बरोबर आहे का? हे चुकलं तर मुलगा "पूर्ण मजकूर" वर टिचकी मारतो आणि प्रकाशकाच्या पैसे भरा म्हणणाऱ्या पानावर पोचतो. दोनदा असं झालं की तो तुमच्या चौकटीकडे पुन्हा फिरकत नाही.

शेवटचा बाक

पीएच.डी. चालू (तिसरं वर्ष आहे, मार्गदर्शकांना सांगू नका). प्रामाणिक मत देतो: तुम्ही काहीही बांधलंत तरी मी स्कॉलरच उघडणार. हा फक्त माझा आळस नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाचा स्वतःचा ओमेगा नावाचा लेखशोध होता. वाचक बाहेरून, मुख्यतः स्कॉलरमधून येतात हे दिसल्यावर त्यांनी तो २०१३ मध्ये बंद केला आणि नवी डिस्कव्हरी घेतलीच नाही. लोकांना सापडवून देणं आमचं काम राहिलं नाही, मिळवून देणं राहिलंय, अशी त्यांची भूमिका. स्कॉलरमध्ये लायब्ररी लिंक्सची सोय फुकट आहे. ती लावा, लेखाशेजारी तुमच्या ग्रंथालयाचा दुवा दिसेल, विषय संपला.

चष्मेवाली

शे. बा., तुमचा विषय काय? पदार्थविज्ञान ना? मग बरोबर आहे.

मी मराठवाड्यातल्या दुष्काळावर काम करते. माझी निम्मी साधनं मराठीत: जुने अहवाल, जिल्हा परिषदांच्या पुस्तिका, बंद पडलेल्या मासिकांचे अंक, आणि वीस वर्षांपूर्वीचे प्रबंध. यातलं स्कॉलरवर किती सापडतं ते एकदा करून बघा. उट्रेख्टच्या वाचकाचं सगळं इंग्रजीत आणि डीओआयसकट (लेखाच्या कायमच्या ओळखक्रमांकासकट) असतं. आमच्याकडे पुस्तक तिसऱ्या मजल्यावर असतं, आणि ते आहे हे फक्त तिथल्या शिपाईकाकांना ठाऊक असतं. ते निवृत्त झाले की पुस्तक हरवलं म्हणून समजा.

शेवटचा बाक

मान्य. शिपाईकाकांना इंडेक्स करा.

तळमजला

मिशिगनकर, फार उपयोगी. दोन्ही प्रश्न वहीत उतरवले.

चष्मेवालीचा प्रतिसाद वाचून एक गोष्ट केली. आमच्या ओपॅकच्या सर्व्हरचे अपाचे लॉग (सर्व्हर आपोआप ठेवतो त्या नोंदी) काढले आणि गेल्या वर्षभरात लोकांनी काय टाइप केलं ते बघितलं. ज्यांना हे करायचंय त्यांना कळकळीचा सल्ला: कंपन्यांना बोलावण्याआधी हे करा, फुकट आहे.

आम्ही समजत होतो त्यापेक्षा फार वेगळं चित्र निघालं. इंग्रजी विषयशब्द आहेत, पण सर्वाधिक शोध एखाद्या ठरावीक पुस्तकाच्या नावाचे. मग "मागील प्रश्नपत्रिका", नाना रूपांत. त्या आमच्याकडे आहेत, पण परीक्षा विभागाच्या पानावर, कॅटलॉगमध्ये नाहीत. आणि शून्य उत्तर आलेल्या शोधांत सर्वात मोठा गठ्ठा म्हणजे रोमन लिपीत लिहिलेली मराठी. दुष्काळ, कादंबरी, शेतकरी, लोकसाहित्य, सगळं मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत, दरवेळी वेगळ्या स्पेलिंगने. पुस्तकं आहेत, नोंदी देवनागरीत आहेत, आणि उत्तर शून्य.

दुसरं कपाळावर हात मारण्यासारखं. ओपॅकमध्ये भाषेनुसार गाळणी लावली की मराठी पुस्तकं मूठभर दिसतात. कारण शोधलं. मार्क म्हणजे कॅटलॉगच्या नोंदीचा ठरलेला नमुना, त्याच्या ००८ क्षेत्रात भाषेचा कोड असतो. कोहात तो आपोआप भरणारी एक सेटिंग आहे, ती रिकामी ठेवली की इंग्रजीचा कोड जातो. वर्षानुवर्षं कोणी ती बघितली नाही. म्हणजे कॅटलॉगच्या लेखी आमची बहुतेक मराठी पुस्तकं इंग्रजी आहेत.

बाराखडी

निवृत्त ग्रंथपाल. कार्डांच्या ट्रे ओढण्यात उमेद गेली, त्यामुळे आगंतुक बोलतो.

ताई, भाषा दुरुस्त कराल तेव्हा सालही बघा. जुन्या मराठी पुस्तकांवर शके छापलेलं असतं. संगणकीकरणाच्या वेळी कंत्राटी मुलांनी जे दिसलं ते टाइप केलं. शके १७६० चं पुस्तक म्हणजे इसवी सन १८३८, ७८ मिळवायचे. पण तुमच्या कॅटलॉगमध्ये ते १७६० सालचं म्हणून बसलं असणार. मराठी छपाईची सुरुवातच १८०५ च्या सुमारास, तीही बंगालातल्या श्रीरामपूरला. त्यामुळे त्याआधीचं साल दिसलं की बिनदिक्कत शके समजा. खरी डोकेदुखी १८३० ते १९३० च्या दरम्यानच्या आकड्यांची. तिथे शके की सन हे पुस्तक हातात घेतल्याशिवाय कळत नाही. शोधयंत्र काय, साक्षात ब्रह्मदेव आला तरी त्याला फडताळापर्यंत जावंच लागेल.

भाषेसाठी वर्गांक वापरा. ड्यूईच्या वर्गीकरणात ८९१.४६ मराठी साहित्य, ८९१.४३ हिंदी, ८९१.२ संस्कृत. गठ्ठ्याने बदल करता येतील. फक्त मराठी साहित्यावरची इंग्रजी पुस्तकंही ८९१.४६ मध्येच असतात, ती आधी बाजूला काढा, नाहीतर आज मराठी इंग्रजी झाली आहे ती उद्या इंग्रजी मराठी होईल.

मार्क_एकवीस

बाराखडी सरांना दंडवत. मी सोल्र या शोधयंत्राच्या सॉफ्टवेअरवर पोट भरतो, ग्रंथालयाशी थेट संबंध नाही, पण वूफाइंडच्या पोटात सोल्रच आहे म्हणून लिहितो.

देवनागरी शोधाचे तीन थर समजून घ्या. पहिला, अक्षरांचा. "ऱ्या" दोन प्रकारे टाइप होतो: एक ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, दुसरा साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना एकच दिसतं, संगणकाला दोन वेगळे शब्द. नुक्ता, चंद्रबिंदू, अनुस्वार, सगळीकडे हीच रड. सोल्रमध्ये इंडिक आणि हिंदी नॉर्मलायझेशनचे फिल्टर आहेत, ते यातलं बरंच सारखं करतात. हिंदीवाला ह्रस्व-दीर्घही एक करतो, म्हणजे "पुर्ण" लिहिलं तरी "पूर्ण" सापडतं. आपल्याकडच्या शुद्धलेखनाची अवस्था बघता वरदानच.

दुसरा थर विभक्तीचा. "दुष्काळाचे", "दुष्काळातील", "दुष्काळग्रस्त" हे सगळे "दुष्काळ"ला मिळायला हवेत. हिंदीचा स्टेमर (शब्दाचे प्रत्यय छाटणारा) इथे लावू नका, तो मराठी शब्द भलतीकडेच छाटतो. शेवटचे ठरावीक प्रत्यय काढणारी छोटी यादी स्वतः करा. शंभर टक्के होणार नाही, पण पोट भरेल.

तिसरा थर रोमनचा, ताईंचा खरा प्रश्न. देवनागरीचं रोमन करणारं यंत्र आयसीयू या मुक्त सॉफ्टवेअर-संचात तयार मिळतं, पण ते पंडिती आहे. दुष्काळचा ष खाली टिंब दिलेल्या एस-ने लिहितं आणि शेवटी एक ए ठेवतं. टिंबं पुसली की उरतो नुसता एस. तुमचा विद्यार्थी एस-एच टाइप करतो आणि शेवटचा ए खातो. दोघांची गाठ पडत नाही. "सरकारी"त तर मधलाही ए जास्त. म्हणून मी सांगेन, दोन्ही बाजूंचा भुगा करा. नोंदीतल्या शब्दाचं रोमन करायचं, ष आणि श दोन्हींचं एस-एच, अनुस्वाराचा एन, डब्ल्यूचा व्ही, आणि मग सगळे ए काढून टाकायचे. वाचकाने टाइप केलेल्या शब्दालाही हेच. आता उरलेले सांगाडे जुळतात. काळ, काल, कळ, कल हे चारी एक होतात हे खरं, म्हणून या क्षेत्राला सर्वात कमी वजन द्यायचं. बाकी कुठे काही सापडलं नाही तरच ते वर येईल.

वर्गाबाहेर

मराठी शिकवतो. मार्क_एकवीस यांचा प्रतिसाद आवडला, पण थोडं मीठ टाकतो. तो हिंदी फिल्टर ऱ चा र करत असेल तर "दऱ्या" आणि "दर्या" एक होणार. डोंगरांतल्या दऱ्यांवर काम करणाऱ्या भूगोलाच्या मुलीला कोळीगीतं मिळतील. दीन आणि दिन, सूत आणि सुत, तीच कथा.

आणि यादी वर्णक्रमाने दाखवाल तेव्हा ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतील असं बघा. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या शेजारी आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. क्षुल्लक वाटेल, पण वाचक शेवटी शोधतो आणि तिथे काही नसतं.

मार्क_एकवीस

बरोबर, आणि उपायही तोच: दोन क्षेत्रं ठेवायची. एकात शब्द जसाच्या तसा, वजन जास्त. दुसऱ्यात सपाट केलेला, वजन कमी. दऱ्या टाइप करणाऱ्याला आधी दऱ्या दिसतील, दर्या खाली.

अनाहूत

भूगोलाच्या मुलीला अधूनमधून कोळीगीत मिळालं तर बिघडलं कुठे? बाकी चालू द्या.

तळमजला

दोन कंपन्यांची प्रात्यक्षिकं झाली, नावं लिहीत नाही. दोघांनाही लॉगमधून काढलेली तीच प्रश्नावली दिली आणि आमच्या नोंदींचा नमुना घालायला लावला.

इंग्रजी लेखांत दोघंही उत्तम, त्यात वाद नाही. जैवतंत्रज्ञानाचे प्राध्यापक तर खुर्चीतून उठलेच. मग "दुष्काळ मराठवाडा" टाकलं. एकीकडे काहीच नाही. दुसरीकडे इंग्रजीत शोधल्यावर कोट्यवधी नोंदींतून हजारो लेख आले, ऑस्ट्रेलियापासून इथिओपियापर्यंत सगळे दुष्काळ हजर, आणि आमच्याच विद्यापीठातला नेमका त्या विषयावरचा प्रबंध चौथ्या पानावर. विक्रीला आलेल्या मुलाने सांगितलं की स्थानिक संग्रहाला वर आणता येतं. आणून बघितलं. मग कुठल्याही शोधाला आमची जुनी क्रमिक पुस्तकं वर यायला लागली.

मुळात आमची नोंदच अशक्त आहे. लेखाच्या नोंदीत गोषवारा, विषयशब्द, कधी पूर्ण मजकूर. आमच्या जुन्या नोंदीत शीर्षक, लेखक आणि दाखल क्रमांक. शब्दच नाहीत तर जुळणार काय? प्रबंधांच्या पीडीएफमधून मजकूर काढावा म्हटलं, तर बरेचसे जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेले. स्क्रीनवर सुंदर मराठी, कॉपी करून पाहिलं की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ. इंडेक्समध्ये तीच भेळ जाते.

मोबदल्याचा घोळ वेगळाच. किंमत विद्यार्थीसंख्येवर. एकाने संलग्न महाविद्यालयांची सगळी मुलं मोजली आणि आकडा ऐकून कुलसचिवांनी पाणी मागवलं.

मिशिगनकर

फक्त आवारातली, पदव्युत्तर विभागांची संख्या धरा, आणि ती करारात लिहून घ्या. महाविद्यालयांना वन नेशन वन सबस्क्रिप्शन किंवा एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या योजनेतून जे मिळतं ते त्यांचं त्यांना मिळतंच.

आणि एक सुचवू का? हे दोन रस्ते एकमेकांच्या विरोधात आहेत असं धरून बसू नका. वूफाइंडला कंपनीचा इंडेक्स एपीआयने (दोन सॉफ्टवेअरमधल्या जोडणीने) जोडता येतो, एब्स्को, प्रायमो, समन तिन्हींसाठी सोय आहे. पान तुमचं, लेखांचा इंडेक्स भाड्याचा. आणि उत्तरं एकात एक मिसळू नका. ताटात वाट्या असतात तशी वेगळी ठेवा: पुस्तकं एका रकान्यात, लेख दुसऱ्या, प्रबंध तिसऱ्या. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ही मांडणी केली, नंतर कित्येकांनी उचलली. तुमच्या प्रबंधाला मग ऑस्ट्रेलियातल्या लेखाशी कुस्ती खेळावी लागत नाही. उद्या कंपनी बदललीत तर एक रकाना बदलेल, वाचकाला पत्ताही लागणार नाही.

लाल शाई

लेखा विभागातून बोलतोय (दुसऱ्या विद्यापीठाच्या). सगळं वाचलं, समजलं निम्मं. तुमचे लेखाधिकारी काय विचारतील ते आधीच सांगतो: "फुकट वस्तूची खरेदी कशी दाखवायची?" वूफाइंडला बिल नाही, बिल नाही तर नस्ती नाही. म्हणून निविदा सॉफ्टवेअरची काढू नका, सेवेची काढा. उभारणी, नोंदींची साफसफाई, तीन वर्षांची देखभाल, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण. आणि तांत्रिक अटी ढोबळ ठेवल्यात तर सर्वात स्वस्त बोली लावणारा येईल, ज्याने आयुष्यात फक्त महाविद्यालयांच्या प्रवेशाची संकेतस्थळं केलीत. अटीतच लिहा: दिलेल्या प्रश्नावलीवर आमच्या नोंदी वापरून प्रात्यक्षिक, त्यात उत्तीर्ण होणाऱ्याचंच आर्थिक पाकीट उघडलं जाईल.

वर्गाबाहेर

आणि तो कंत्राटदार गेल्यावर? आमच्या विद्यापीठात एक उत्साही मुलगा होता, त्याने ग्रंथालयासाठी सुरेख काहीतरी बनवलं. त्याला पुण्यात नोकरी लागली. सर्व्हर अजून चालू आहे, पासवर्ड कोणाकडेच नाही.

चष्मेवाली

हे प्रत्येक विद्यापीठाचं आत्मचरित्र आहे.

तळमजला

धागा वर काढतेय. मध्ये बरेच महिने गेले, व्यनिंना (खाजगी निरोपांना) उत्तरं दिली नाहीत, राग नसावा.

मिशिगनकर म्हणाले तसंच केलं. वूफाइंड बसवलं, निविदा लाल शाईंच्या शब्दांत काढली (शब्दशः, परवानगी गृहीत धरली). लेखांसाठी एका कंपनीचा इंडेक्स एका वर्षासाठी, आवारापुरता. ३१ मार्चच्या आत साफसफाईचं आणि उभारणीचं काम खर्ची पडलं. इंडेक्सचा करार पुढच्या अंदाजपत्रकातून. समितीला हे पटवायला लॉगची छापील पानं कामी आली. रोमनमधल्या मराठीची ती शून्य उत्तरांची यादी एका सदस्यांनी मोठ्याने वाचली, आणि त्यानंतर कोणी "गूगलसारखं" हा शब्द काढला नाही.

रोज रात्री कोहातून आणि डीस्पेसमधून ओएआय-पीएमएच या ठरलेल्या पद्धतीने नोंदी उचलल्या जातात. पुस्तक आत आहे की बाहेर हे मात्र त्या क्षणी कोहाला विचारून दाखवतो, कारण ते रात्रीचं उतरवून ठेवलं तर दुपारपर्यंत खोटं होतं. पहिल्या आठवड्यात रद्द केलेली पुस्तकं शोधात दिसत राहिली. काढून टाकलेल्या नोंदींची खबर ओएआयमधून पुढे जाण्याची व्यवस्था तपासून घ्या. बाकी उभारणीबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. कागदपत्रं नीट आहेत, वाचली की होतं.

खरा वेळ गेला नोंदींवर. भाषेचा कोड वर्गांकावरून गठ्ठ्याने बदलला. साहित्याबाहेरच्या देवनागरी पुस्तकांसाठी "आणि, आहे, चे" असे शब्द शीर्षकात शोधून मराठी वेगळं केलं, उरलेलं ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी डोळ्यांनी. शकेचं काम अजून चालू आहे. बाराखडी सरांनी सांगितलेल्या मधल्या शतकासाठी मुलांना फडताळावर पाठवावं लागतं. छापलेलं शके तसंच ठेवतो, ००८ मध्ये फक्त इसवी सन. पहिल्याच आठवड्यात एका मुलाने धूळ झटकत असं पुस्तक आणलं की ज्याचं मुखपृष्ठ गेलेलं, पण शेवटच्या पानावर छापखान्याचं नाव आणि शके दोन्ही. नोंदीत दोन्ही नव्हतं.

मराठी प्रबंधांना टेसरॅक्ट या मुक्त सॉफ्टवेअरने ओसीआर केलं, म्हणजे पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखून मजकूर काढला. त्यात मराठी येतं. जोडाक्षरांत चुका होतात, पण शोधापुरतं चालतं. वाचकाला तो मजकूर दाखवत नाही, फक्त इंडेक्समध्ये घालतो.

भुग्याचा उपाय मार्क_एकवीस यांच्या कृतीनेच केला. एक भर घातली: ऋचं रू, नाहीतर "संस्कृती" रोमनमध्ये सापडत नव्हती. आणि प्रश्नपत्रिका डीस्पेसमध्ये आणल्या. सगळ्या खटाटोपात मुलांनी आभार मानले ते फक्त याचे.

शेवटचा बाक

प्रश्नपत्रिकांचा दुवा द्या.

मार्क_एकवीस

अभिनंदन! दऱ्या-दर्याचं काय झालं?

तळमजला

दऱ्या वर येतात. "खाली दर्या" दिसतं खरं, पण भूगोल विभागाकडून अजून तक्रार नाही.

इंडेक्सवर मात्र मी समाधानी नाही. वन नेशन वन सबस्क्रिप्शनच्या यादीतले काही जुने अंक "पूर्ण मजकूर" दाखवतात आणि उघडत नाहीत. कंपनीला कळवलं, तिकीट क्रमांक मिळाला, उत्तर यायचंय. नूतनीकरणाआधी लेखांच्या रकान्यात किती टिचक्या पडतात ते मोजतेय. फार कमी निघाल्या तर तो रकाना काढून तिथे स्कॉलरचा दुवा ठेवायचा प्रस्ताव देणार आहे. शे. बा., तेव्हा तुम्हाला साक्षीला बोलावीन.

बाराखडी

ताई, शके-सन ओळखण्यासाठी मुलांना काय सूचना दिल्यात ती यादी मिळेल का? आमच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय शंभरी ओलांडलेलं आहे, तिथे बसून करायची इच्छा आहे. संगणक आहे, कोहा नाही, नोंदी एक्सेलमध्ये.

तळमजला

सर, व्यनि केलाय. एक्सेलमध्ये असेल तर उलट सोपं. सालाचा रकाना चढत्या क्रमाने लावा, वरच्या नोंदींपासून सुरुवात करा. आणि मुखपृष्ठ नसेल तर शेवटचं पान बघायला विसरू नका.